कोटाखालचा फुगवटा

साशंक : मी अफवेपासून सुरुवात करत नाही, खुलाशांपासून करतो. ३० सप्टेंबर २००४ रोजी फ्लोरिडातल्या कोरल गेबल्सला, मायामी विद्यापीठात, जॉर्ज बुश आणि जॉन केरी यांची राष्ट्राध्यक्षपदासाठीची पहिली डिबेट झाली. बुश समोरच्या डायसवर रेलले की पाठीमागच्या कॅमेऱ्यातून त्यांच्या कोटावर, दोन खांद्यांच्या मधोमध, एक चौकोनी फुगवटा दिसायचा. कोटाच्या आत पाठीला काहीतरी बांधलेलं असावं, असा. लोकांनी विचारलं, हे काय आहे? कानात गुपचूप उत्तरं सांगणारं यंत्र तर नाही? प्रचारयंत्रणेकडून आधी सूर निघाला की चित्रात कुणीतरी फेरफार केला असेल. पण फुगवटा त्या रात्रीच्या मूळ चित्रणातच होता, तेव्हा उत्तर बदललं : कापडाला चुणी पडली असेल. बुश यांचा शिंपी म्हणाला, पाठीच्या शिवणीपाशी कोट गोळा झाला. मग खुद्द बुश एबीसीच्या सकाळच्या कार्यक्रमात म्हणाले की शर्टच नीट शिवलेला नव्हता. निवडणूक उरकल्यावर ‘द हिल’ या वॉशिंग्टनच्या वृत्तपत्राने सीक्रेट सर्व्हिसमधल्या सूत्रांच्या हवाल्याने छापलं की ते चिलखती जाकीट होतं. एका फुगवट्यासाठी इतके खुलासे, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. त्यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या डिबेटसाठी दोन्ही पक्षांनी ३२ पानांचा करार केला होता, आणि मंचाच्या मागच्या बाजूचा कॅमेरा फक्त सूत्रसंचालकाकडेच रोखलेला असावा, असं त्यात लिहिलं होतं. वाहिन्यांनी ते कलम मानलं नाही, म्हणून ती पाठ जगाला दिसली. उमेदवाराची पाठ दिसू नये, ही अट कुणाला कशासाठी लागते?

निःशंक : खुलासे बदलत गेले, हे मलाही खटकतं. पण खुलासा खोटा निघाला म्हणून आरोप आपोआप खरा ठरत नाही. राष्ट्राध्यक्ष कोणत्या दिवशी कोटाखाली चिलखत घालतात, हे त्यांचे अंगरक्षक कोट्यवधी प्रेक्षकांना सांगणार नाहीत. ते लपवायचं म्हणून शिंप्याला पुढे केलं असेल, तर खोटेपणा झालाच, पण तो वेगळ्या कारणासाठी झाला. मागून कॅमेरा नको, ही अटसुद्धा तशीच. करारात डायसची उंची, दोघांमधलं अंतर, दिव्यांचे रंग, सगळं ठरवलेलं होतं. टीव्हीवर आपण वाईट दिसू, ही भीती प्रत्येक उमेदवाराला असते, आणि १९६० सालच्या डिबेटमध्ये रिचर्ड निक्सन यांचा चेहरा जसा फिकट, घामेजलेला दिसला, ते अमेरिकेतला एकही प्रचारप्रमुख विसरलेला नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, त्या रात्री बुश हरले. चेहरा त्रासलेला, वाक्यं अडखळत, काम किती अवघड आहे हे पुन्हापुन्हा सांगणं. बहुतेक पाहण्यांनी कौल केरींच्या बाजूने दिला. मध्येच बुश म्हणाले की मला पूर्ण करू द्या, आणि तेव्हा त्यांना कुणी अडवलं नव्हतं, हा तुमच्या बाजूचा आवडता पुरावा. पण समोर दिवे होते : तीस सेकंद उरले की हिरवा, पंधरा उरले की पिवळा, पाच उरले की लाल. दिव्याकडे बघून माणूस तसं म्हणू शकतो. कानात जाणकार बसलेला असता, तर ती रात्र अशी गेली असती का?

साशंक : दिव्याचं मान्य करतो. ‘यंत्र असतं तर ते अडखळले नसते’ हे मात्र मला पटत नाही. नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला विंगेतून शब्द घेणारा नट पाठांतर असलेल्या नटापेक्षा जास्त अडखळतो, कारण त्याचा कान विंगेकडे असतो आणि चेहरा प्रेक्षकांकडे. अडखळणं हा ना अपराधाचा पुरावा, ना निर्दोषपणाचा. म्हणून मी कापडाकडेच बघत राहतो. पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत ग्रहांच्या छायाचित्रांचं विश्लेषण करणारे रॉबर्ट नेल्सन यांनी, नासाच्या वतीने नव्हे तर स्वतःच्या जबाबदारीवर, ती चित्रं तपासली आणि सांगितलं की ही चुणी नाही, आत एखादी वस्तू आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तयार होत आलेली बातमी मतदानापूर्वी छापली नाही. निकालावर परिणाम होईल असं काही इतक्या उशिरा छापू नये, असं संपादकांना वाटलं असेल. मतदाराला मात्र नेमकं मतदानाआधीच कळायला हवं होतं.

निःशंक : कापडाखाली वस्तू होती, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर येते. चिलखत हीदेखील वस्तूच. आता फक्त २००४ पाहू नका, पुढची वर्षं ओळीने पाहा. २०१२ साली डेनव्हरच्या पहिल्या डिबेटमध्ये मिट रॉम्नी यांनी खिशातून काहीतरी काढून डायसवर टाकलं. चिठ्ठी म्हणून गवगवा झाला, निघाला रुमाल. २००४ साली केरींनी कोटातून काहीतरी काढलं, ते पेन होतं. २०२० साली जो बायडन यांच्या मनगटापाशी काहीतरी दिसलं, ती त्यांच्या दिवंगत मुलाची जपमाळ होती. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाला कमला हॅरिस यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना अडचणीत आणलं, आणि रात्र सरण्याआधी त्यांच्या कानातल्या मोत्यांचे फोटो मोठे करून फिरवले गेले. एका जर्मन कंपनीने कुड्यांच्या आकाराचं ध्वनियंत्र बनवलं होतं, तेच हे, असा दावा होता. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली तर फरक दिसतो : हॅरिस यांच्या मोत्याला सोन्याच्या दोन दांड्यांची पकड आहे आणि ते टिफनीचे दागिने त्यांनी आधीही अनेकदा घातलेले आहेत. दरवेळी वस्तू वेगळी, पण गोष्ट एकच. विरोधी उमेदवार चांगला बोलला तर त्याच्या कानात कुणीतरी होतं. वाईट बोलला तर कानातलं ऐकताना गोंधळला. जो आरोप दोन्ही तऱ्हांनी टिकतो, तो पुराव्यावर उभाच नसतो. त्याच्या मुळाशी एक आधीच झालेला निवाडा असतो : हा माणूस स्वतःच्या डोक्याने बोलूच शकत नाही. बुश यांच्याबद्दल तो तुच्छतेतून आला, हॅरिस यांच्याबद्दल एका बाईला इतकं जमेल कसं या अविश्वासातून. मला त्याची चीड येते.

साशंक : ती चीड रास्त आहे, आणि हॅरिस यांच्या मोत्यांबद्दल मी एक शब्दही बोलणार नाही. पण असं करता येतच नाही, हे मात्र तुम्ही म्हणू नका. आपण ज्याच्याशी बोलतो त्याचे शब्द दुसऱ्याचे असले तर आपल्याला कळतं, असं सगळ्यांना वाटतं. आज्ञापालनाच्या प्रयोगांमुळे प्रसिद्ध असलेले स्टॅन्ली मिल्ग्रॅम यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत हेच तपासलं. एका माणसाच्या कानात छोटा रेडिओ बसवायचा, दुसऱ्या खोलीतून कुणीतरी बोलायचं, आणि पहिल्याने ते शब्द तसेच उच्चारायचे. समोरचा गप्पा मारतोय, त्याला यातलं काही माहीत नाही. लोकांना संशय आला नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या तोंडून मोठ्या माणसाचे शब्द वदवले, तरी मुलाखत घेणाऱ्यांना ते मूलच बोलतंय असं वाटलं. २०१४ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हा प्रयोग पुन्हा करून पाहिला, निष्कर्ष तोच निघाला. आणि यंत्र म्हणाल तर त्यात काही अवघड नाही. गळ्याभोवती शर्टाखाली तारेचं एक वेटोळं, त्याला जोडलेला छोटा रिसीव्हर, आणि कानाच्या नळीत डाळीच्या दाण्याएवढं यंत्र, जे त्या वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रातून आवाज पकडतं. कानातून बाहेर तार नाही. २०२१ साली राजस्थानात शिक्षक पात्रता परीक्षेला काही उमेदवारांच्या चपलेच्या तळव्यात असंच ब्लूटूथ यंत्र सापडलं. सरकारी नोकरीसाठी धडपडणाऱ्या तरुणाला जे मिळवता येतं, ते जगातल्या सर्वांत सत्तावान माणसाला मिळत नाही, असं कसं म्हणता?

निःशंक : मिळू शकतं. प्रश्न त्याचा उपयोग होईल का, हा आहे. मिल्ग्रॅम यांच्या प्रयोगात पुनरुच्चार करणारा स्वतः विचार करत नाही. तो फक्त माध्यम असतो. डिबेटमधल्या उमेदवाराला ती मोकळीक नाही. प्रतिस्पर्धी काय बोलतोय ते ऐकायचं, सूत्रसंचालकाचा प्रश्न लक्षात ठेवायचा, दिव्याकडे बघायचं, चेहरा सांभाळायचा, आणि वर कानातलं ऐकायचं. १९५३ साली कॉलिन चेरी यांनी दोन कानांत दोन वेगळी भाषणं ऐकवून पाहिलं. एका कानातलं मोठ्याने म्हणत राहिलं की दुसऱ्या कानातलं जवळपास काहीच डोक्यात शिरत नाही. तिथली भाषा मध्येच बदलली, तरी बहुतेकांना ते कळलं नाही. दुभाषे हे काम रोज करतात, वर्षानुवर्षं शिकून. तेही बंद काचेच्या खोलीत बसून करतात आणि अर्ध्या तासाने सहकाऱ्याला जागा देतात, कारण मेंदू थकतो. ज्याला हे कधीच शिकवलेलं नाही असा साठीला टेकलेला माणूस दीड तास भर मंचावर ते करेल, हे मला अशक्यप्राय वाटतं. शिवाय बोलणारा कोण? एक तज्ज्ञ नव्हे, एक खोलीभर माणसं लागतील. अमेरिकेतले प्रचारक वर्षभरात पुस्तकं लिहितात. १९८० साली जिमी कार्टर यांची डिबेटची टिपणं प्रतिस्पर्धी रेगन यांच्या गोटात पोचली होती, ते तीन वर्षांत बाहेर आलं आणि संसदेच्या समितीने चौकशी केली. २०१६ च्या मार्चमध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारयंत्रणेला सीएनएनच्या कार्यक्रमांतले प्रश्न आगाऊ कळवले गेले होते. ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ई-मेल फुटल्यावर कळलं. खरी गुपितं अशी बाहेर येतात. कोटाखालच्या फुगवट्याबद्दल त्या खोलीतला एकही माणूस आजवर बोललेला नाही.

साशंक : गुपितं बाहेर येतात, पण कधी, आणि तोवर कुणाला खोटं ठरवलं जातं, तेही बघा. अमेरिकेत १९५६ पासून ‘ट्वेंटी-वन’ नावाचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम गाजत होता. स्पर्धक काचेच्या बंद खोलीत उभे, कानांवर हेडफोन, कपाळावर घाम. कोलंबिया विद्यापीठातला देखणा तरुण प्राध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन ओठ चावत, थांबत, आठवत उत्तरं द्यायचा, आणि घराघरांत लोक श्वास रोखून बघायचे. त्याने हरवलेला हर्बर्ट स्टेम्पल सांगत होता की हे सगळं आधी ठरवलेलं आहे, आणि लोक त्याला हरलेला, मत्सरी माणूस म्हणत होते. २ नोव्हेंबर १९५९ ला व्हॅन डोरेन यांनी संसदीय समितीपुढे कबूल केलं की उत्तरं आधी मिळत होती. इतकंच नव्हे, कुठे अडखळायचं, कोणता भाग सोडून पुढे जायचं आणि मग मागे यायचं, हेही शिकवलेलं होतं. अडखळण्याचीसुद्धा तालीम झाली होती! तुम्ही मघाशी म्हणालात की बुश अडखळले म्हणजे यंत्र नव्हतं. त्या काळातले प्रेक्षकही अगदी असंच म्हणत होते. आणि पुढच्या वर्षभराच्या आत, २६ सप्टेंबर १९६० ला, शिकागोच्या स्टुडिओत केनेडी आणि निक्सन उभे राहिले. तोच पडदा, तेच प्रेक्षक. तिसऱ्या डिबेटला दोघे दोन वेगळ्या शहरांतल्या स्टुडिओंत होते, आणि संपताक्षणी निक्सन यांच्या बाजूने तक्रार झाली : केनेडींच्या समोर कागद होते. म्हणजे हा संशय इंटरनेटने जन्माला घातलेला नाही. तो डिबेटच्या पहिल्या हंगामापासून तिच्याबरोबर आहे, आणि त्याला एक खरी फसवणूक भोगल्याची आठवण आहे.

निःशंक : ही आठवण मी नाकारत नाही. पण ‘ट्वेंटी-वन’मध्ये जे झालं ते कार्यक्रमाच्या आधी झालं, आणि मला वाटतं खरी जागा तीच आहे. उमेदवाराला पढवलं जातं ते उघड, महिनोन्‌महिने, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. १९८० साली रेगन यांच्या सरावासाठी डेव्हिड स्टॉकमन कार्टर बनले. २०१६ आणि २०२४ साली फिलिप राइन्स नावाच्या सल्लागाराने ट्रम्प यांची भूमिका केली. लांब टाय, उंच टाचांचे बूट, हातवारे, सगळं हुबेहूब. पिट्सबर्गच्या एका हॉटेलात हॅरिस यांच्यासाठी नकली मंच उभारला, दिवे लावले, दिवसचे दिवस सराव केला. प्रत्येक संभाव्य प्रश्नाला दोन मिनिटांचं उत्तर, प्रत्येक हल्ल्याला एक तयार वाक्य. मग मंचावर कानात सांगायला उरतंच काय? जे सांगायचं ते आधीच डोक्यात भरलेलं असतं. त्याची परिसीमा बघायची तर ६ फेब्रुवारी २०१६ ची, रिपब्लिकन पक्षातल्या इच्छुकांची न्यू हॅम्पशायरमधली डिबेट बघा. मार्को रुबिओ यांनी ओबामांबद्दलचं एक वाक्य म्हटलं. ख्रिस ख्रिस्टी यांनी तिथल्या तिथे बोट ठेवलं की हे पंचवीस सेकंदांचं पाठ केलेलं भाषण आहे. आणि त्या आरोपाला उत्तर म्हणून रुबिओ यांनी तेच वाक्य, जवळजवळ तसंच्या तसं, पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. त्यांच्या कानात कुणी नव्हतं. असतं तर निदान ‘थांब’ तरी म्हणालं असतं.

साशंक : आणि रुबिओ तिथल्या पक्षांतर्गत निवडणुकीत पाचवे आले. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने बोलतंय. पढवलेला माणूस उघडा पडला, कारण त्या क्षणी तो एकटा होता. ख्रिस्टींनी घाव घातला तेव्हा सल्लागार पडद्यामागे हात चोळत असतील, पण त्यांना काही करता आलं नाही. डिबेटचं मोल नेमकं इथे आहे. वर्षभर प्रत्येक जाहिरात, प्रत्येक भाषण, प्रत्येक ट्वीट दुसऱ्याने लिहिलेलं असतं. या नव्वद मिनिटांत तो माणूस आणि त्याच्या डोक्यात जे उरलंय ते, एवढंच असतं. १९७६ ची फिलाडेल्फियाची रात्र तुम्ही पाहिली आहे का? फोर्ड आणि कार्टर यांची पहिली डिबेट संपत आली असताना वॉलनट स्ट्रीट थिएटरमधली ध्वनियंत्रणा बंद पडली. सत्तावीस मिनिटं. एक विद्यमान राष्ट्राध्यक्ष आणि एक माजी गव्हर्नर, आपापल्या डायसमागे उभे. कुणी खुर्चीवर बसलं नाही, कुणी दुसऱ्याजवळ जाऊन दोन शब्द बोललं नाही. कॅमेरे चालू होते, आणि दोघे समोर बघत, मध्येच घाम टिपत उभे राहिले. चुकून दुर्बळ दिसू, ही भीती. ती सत्तावीस मिनिटं मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त सांगून जातात. पाठ केलेलं संपलं की माणूस काय करतो, ते तिथे दिसलं. कानात एक आवाज असता आणि त्याने म्हटलं असतं, ‘जा, त्याच्याशी हात मिळव, हसून दोन शब्द बोल,’ तर आपण त्या उमेदवाराच्या सहजपणाला भुललो असतो. माझं दुःख ते आहे. गुप्त यंत्राने उमेदवार हुशार ठरेल याची मला भीती नाही. त्याच्या एकटेपणाची ती एकुलती एक जागा नाहीशी होईल, याची आहे.

निःशंक : आता तुम्ही मुद्द्याच्या गाभ्यापाशी आलात, आणि इथेच माझा मतभेद आहे. राष्ट्राध्यक्ष एकटा नसतोच, आणि असूही नये. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातल्या क्षेपणास्त्रांचा पेच आला तेव्हा केनेडी यांनी डझनभर सल्लागार भोवती बसवून तेरा दिवस खल केला. पहिल्या दिवशीच्या चर्चेत हवाई हल्ल्याकडे कल होता. इतरांचं ऐकून, वाद घालून, निर्णय नाकेबंदीवर आला. त्या माणसाने एकट्याने, नव्वद सेकंदांत, दिव्याकडे बघत उत्तर दिलं असतं तर आज आपण बोलायला असतो की नाही, कोण जाणे. मग एकट्याने पटकन बोलण्याची कसोटी आपण त्या पदासाठी का लावतो? २०११ साली रिक पेरी यांना बंद करायच्या तीन खात्यांपैकी तिसरं खातं डिबेटमध्ये आठवलं नाही, आणि त्यांची उमेदवारी जवळपास तिथेच आटोपली. टेक्सास ते वर्षानुवर्षं चालवत होते. शेजारी बसलेल्या सहायकाने ‘ऊर्जा’ एवढा शब्द सांगितला असता, तर देशाचं काय बिघडलं असतं? उमेदवाराने चार सहकारी मंचावर घेऊन यावेत, फायली उघडाव्यात, एकमेकांत बोलून उत्तर द्यावं. तो कुणाचं ऐकतो, कुणाला गप्प करतो, चुकीचा सल्ला ओळखतो का, हे मला बघायचं आहे. ती त्याच्या कामाची खरी परीक्षा होईल.

साशंक : तशी डिबेट झाली तर मी पहिल्या रांगेत बसेन. पण तुमचा मंच आणि माझा फुगवटा यांत जो फरक आहे, त्याच्यासाठी तर मी भांडतोय. केनेडींच्या भोवती कोण होतं, ते आपल्याला नावानिशी माहीत आहे. त्या बैठकांची ध्वनिमुद्रणं आहेत. कोण काय म्हणालं ते आज ऐकता येतं. तुमच्या मंचावरचे चार सहकारीही मला दिसतील. कानातला माणूस दिसत नाही. आपल्या न्यायालयातच बघा. साक्षीदाराला कागद बघून आठवण ताजी करायची मुभा १८७२ च्या पुरावा कायद्याने दिलेली होती. पण कलम १६१ सांगायचं की विरोधी पक्षाने मागितला तर तो कागद त्याला दाखवला पाहिजे, आणि त्यावर उलटतपासणी घेता आली पाहिजे. त्या कायद्याची जागा आता भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, तरी ही तरतूद टिकून आहे. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी नेमका विचार केला होता. मदत घेण्याला बंदी नाही. ज्याची मदत घेतली त्यालाही प्रश्न विचारता आला पाहिजे. केरींनी बुश यांना इराकबद्दल विचारलं असेल आणि उत्तर तिसऱ्याच माणसाने दिलं असेल, तर केरी वादात कुणाशी होते? आणि मतदाराने मत कुणाला दिलं?

निःशंक : हे मी मान्य करते, आणि मघापासून मी जे ‘उपयोग होणार नाही’ म्हणत होते, त्याचं तुमच्या या प्रश्नाला उत्तर नाही, हेही. पण आता पुढचं पाऊल टाका. न्यायालयात न्यायाधीश असतो. डिबेटमध्ये कागद दाखवायला, कान तपासायला कोण लावणार? १९७६ ते १९८४ या काळात या डिबेट लीग ऑफ विमेन व्होटर्स ही महिलांची स्वतंत्र संस्था घ्यायची. १९८८ साली दोन्ही प्रचारयंत्रणांनी आपसांत करार करून तो तिच्यापुढे ठेवला, आणि लीगने अंग काढून घेतलं. मतदारांच्या फसवणुकीत आम्ही सामील होणार नाही, अशी तिची भूमिका होती. त्याआधी वर्षभर, १९८७ साली, दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांनी मिळून डिबेटसाठी आयोग स्थापन केला होताच. तुमच्या ३२ पानांच्या कराराचं मूळ तिथे आहे. २०२४ मध्ये तर दोन्ही उमेदवारांनी आयोगालाही बाजूला सारून थेट वाहिन्यांशी ठरवलं. म्हणजे ज्यांची तपासणी व्हायची, तेच तपासणीस निवडतात आणि नियम लिहितात. त्या करारातली कलमं कशी आली, कुणी कुणाला काय सोडलं, हे विचारणारे किती होते? फुगवट्याचे फोटो मात्र कोट्यवधींनी पाहिले. माझी खरी तक्रार ही आहे. बघणाऱ्यांचं सारं लक्ष कापडावर गेलं, आणि मतदारासमोर काय दिसेल व काय दिसणार नाही हे ठरवणारी ३२ पानं कापडाखाली नव्हतीच. ती टेबलावर होती.

साशंक : पण कापडाकडे बघितल्यामुळेच त्या पानांतलं मागच्या कॅमेऱ्याचं कलम लोकांच्या डोळ्यांत भरलं, हे विसरू नका. संशय घेणारा माणूस वेडावाकडा बोलतो, चुकीच्या जागी बोट ठेवतो, पण बोट ठेवतो. आणि आपण हे इथे, मराठीत, का बोलतोय? कारण आपल्याकडे पंतप्रधानपदाचे दोन दावेदार टीव्हीवर समोरासमोर उभे राहिले, असं एकदाही घडलेलं नाही. मे २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, अजित शहा आणि संपादक एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं. राहुल गांधी यांनी होकार कळवला. चर्चा झाली नाही. आपल्या नेत्याच्या कानात कुणी बोलतं का, हे बघण्याची वेळसुद्धा आपल्यावर येत नाही. मला तो फुगवटा परवडला. तो दिसण्याएवढा उजेड तरी तिथे होता.

निःशंक : उजेड हवा, यात वाद नाही. तो कुणाच्या हातात द्यायचा, यात आहे. २९ सप्टेंबर २०२० ला क्लीव्हलंडची डिबेट व्हायची होती. त्या दिवशी ट्रम्प यांच्या बाजूने मागणी आली की दोघांचे कान त्रयस्थाने तपासावेत. वरवर किती रास्त! बायडन यांच्या बाजूने नकार गेला, आणि नकार हाच पुरावा म्हणून लगेच वापरला गेला. होकार दिला असता तर काही सापडलं नसतं, आणि मग मनगट, मग चष्मा, मग पाण्याची बाटली. तपासणीची मागणी करणाऱ्याला काही सिद्ध करावं लागत नाही. हे हत्यार तुम्ही उद्या प्रत्येक नेत्याच्या हातात देणार आहात.

साशंक : म्हणून तर मागणी उमेदवाराने करायचीच नाही. नियम आधी लिहायचा, लीगसारख्या संस्थेने तो राबवायचा, दोघांना सारखा. मंचावर चढण्याआधी दोघांची तपासणी, आणि ती सर्वांसमोर. संशयाला खतपाणी मिळणार नाही, आणि कुणाला हत्यारही मिळणार नाही.

निःशंक : रेगन १९८३ पासून श्रवणयंत्र वापरत होते. बिल क्लिंटन यांनी १९९७ मध्ये लावलं, तेव्हा ते जेमतेम पन्नाशी ओलांडलेले होते. अलीकडे ऐंशीच्या आसपासचेही उमेदवार असतात. तुम्ही मघाशी गळ्यातल्या वेटोळ्याचं वर्णन केलंत ना, चुंबकीय क्षेत्रातून कानात आवाज पोचवणारं? कित्येक श्रवणयंत्रांत अगदी तीच सोय असते, सभागृहात आणि फोनवर नीट ऐकू यावं म्हणून. नव्या यंत्रांना तर ब्लूटूथ असतं. तुमच्या तपासणीसाला असं यंत्र सापडलं, तर तो ते काढून ठेवायला सांगेल का?

साशंक : नाही. बहिऱ्या माणसाला प्रश्न न ऐकता उत्तर द्यायला लावणं मला कधीच मान्य होणार नाही.

निःशंक : मग यंत्र कानात राहील, आणि ते काय ऐकतंय हे तुम्हाला कळणार नाही.

साशंक : मंचावर संस्थेचं यंत्र द्यावं. सगळ्यांसमोर तपासलेलं, त्या नव्वद मिनिटांपुरतं.

निःशंक : श्रवणयंत्र ज्याच्या त्याच्या कानाच्या दोषाप्रमाणे जुळवून घ्यावं लागतं. म्हणजे त्याचा वैद्यकीय अहवाल आधी संस्थेकडे जाणार. तो कुणी बघायचा, कुठे ठेवायचा, आणि किती ऐकू येत नाही हे मतदाराला सांगायचं की नाही?

साशंक : सांगायचं, असं माझं एक मन म्हणतं.

निःशंक : आणि दुसरं?

साशंक : दुसऱ्याला बायडन यांच्या मनगटावरची माळ दिसते.